बालाजीला बोललेले केस

नरक चतुर्दशी, सन १९३७

सोनाजीच्या डोक्यात गाठ हाय!

आज पहाटे पाटावर बसवला. तेल कोमट केलं, टाळूवर थापलं, बोटं फिरवली — आणि अडली. शेंडीच्या डाव्या अंगाला. सुपारीएवढी. टणक, गुळगुळीत, वरचे केस विरळ झालेले. वर्षातून एकदाच हे डोकं माझ्या हाती येतं, बाकी साल ते पटक्याखाली. मी म्हटलं, "हे काय रे?" तर मान काढून घेतो! तीस वर्षांचं घोडं, दोन लेकरांचा बाप, आणि आईच्या हातातून मान काढून घेतो.

"काही न्हाई माय. चौकट लागली होती."

चौकट लागून सुपारी उगवत न्हाई. मी कान धरला. मग बोलला, "दोन साल झाले. दुखत न्हाई. मागच्या दिवाळीला हरभऱ्याएवढी होती, तुझं बोट गेलं तिच्यावरून. तू बोलण्यात होतीस."

असेल. मी बोलण्यात असतेच.

सुमन चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. सूनबाईला सगळं म्हाईत! "मला म्हणाले, आत्याबाईला सांगू नको." बरं. म्हणजे या घरात मी एकटीच पाव्हणी.

पाडवा

पाडव्याला बायकोनं नवऱ्याला तेल लावायचं असतं. आमच्यात ते कधी झालं न्हाई. दर साल मी वाटी घेऊन उभी राहते. दर साल म्हातारा माझ्या हातातून वाटी घेतो, मोरीचं दार लोटतो आणि पागोटं बांधूनच बाहेर येतो. निजतो तेव्हा पण डोक्याला पंचा. एवढी लाजरी तर मी पण न्हवते नवरी असताना. आता बोलायचं सोडलं.

जेवताना त्याला सोनाजीची गाठ सांगितली. घास हातातच राहिला. मग म्हणाला, "मांसाचा दाणा असल. हात लावू नका त्याला. काही होत न्हाई त्यानं." जसा काही मोठा हकीम! मी म्हटलं, "तुमाला काय म्हाईत?" तर ताट सारून उठला. पुरणपोळी अर्धी टाकून. पुरणपोळी टाकणारा माणूस न्हाई हा.

भाऊबीज

भाऊ वाशीमहून आला. ओवाळणीत परत कोरी वही! मी माहेरी दुसरी बुक शिकले, त्याचं कौतुक अजून संपलं न्हाई त्याचं. लुगडं देताना मात्र हात थरथरतात. सोनाजीचं डोकं पाहून म्हणाला, "अक्का, दवाखान्यात दाखव. उशीर करू नको." कळतं त्याला. लुगड्यातलंच काय ते कळत न्हाई.

कार्तिकी पौर्णिमेचा दुसरा दिवस

सेवा वैदू फिरत फिरत आला. सखुबाई शेजारणीनं धाडला असणार. गाठ पाहून खूश! "माय, एक चिरा देतो, वर बिब्ब्याचं तेल. आठवड्यात सपाट."

मी विचारलं, "आत काय हाय?"

"आत? आत गाठ हाय."

"गाठीच्या आत काय हाय?"

चाकूची धार अंगठ्यानं पाहत राहिला.

"आत काय हाय ते म्हाईत न्हाई आणि चाकू काढून राहिला? पपई हाय का ती?"

झोळी उचलून गेला. जाता जाता सखुबाईला म्हणे, लई तिखट बाई. व्हय, हाय.

पण मलाच माझं बोलणं लागून राहिलं. आत काय हाय? कापणं पुढची गोष्ट. आधी कळाय पाहिजे.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

रक्त आलं. सोनाजीनं फणी फिरवली आणि उशीवर डाग. गाठ आता सुपारीची लिंबू होऊ पाहते. सुमननं मला कोपऱ्यात ओढलं — "आत्याबाई, खरं सांगा. हे वाईटातलं हाय का?"

मी म्हटलं, मला म्हाईत असतं तर तुला सांगितलं असतं. मग तिला कामाला लावलं. रडायला वेळ सापडला की माणूस रडतंच.

मार्गशीर्ष वद्य एकादशी

सोनाजीला घेऊन हिंगोलीला जाऊन आले. आमच्या पुसेगावाहून छकड्यात हाडं खिळखिळी झाली. म्हाताऱ्याला सांगितलं, बाजाराला चाललो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर फारुक साहेब. तरणा हाय, हैदराबादला शिकलेला. मला 'अम्मा' म्हणाला आणि माझी मीठ-मिरचीची भाषा पण समजून घेतली. गाठीला हात लावायच्या आधी हात धुतले. वैद्यांमधला पहिला!

मग जे काय पाहिलं! कातडीसकट हलवून पाहिली. खालचं हाड चाचपलं. कानातली नळी गाठीवर टेकवून ऐकलं. मी म्हटलं, साहेब, ती बोलते का? तो हसला. म्हणाला, चरबीची असती तर बोटाखालून सटकली असती. रक्ताची असती तर नळीत धडधड ऐकू आली असती. हाडाची असती तर वरची कातडी तिच्यावरून सरकली असती. ही कातडीला चिकटली हाय आणि हाडाला सोडून हाय. तिघींतली एक पण न्हाई.

"मग कोणती?"

"वोइच तो देखना है अम्मा. पूरे बालां निकाल के लाव इसके. जंगल में शेर कित्ते हैं, बाहर से कैसा मालूम होना?"

म्हणजे सगळं डोकं भादरायचं. गुळगुळीत. बाहेर झाडाखाली न्हावी बसतो, आत्ताच करून आणा म्हणाला. त्याला काय ठाऊक! सोनाजी उठलाच. "माझा बाप जिता हाय साहेब." आणि पटका गुंडाळत बाहेर.

डॉक्टरला समजावून सांगितलं — आमच्यात बाप मेला की लेकानं डोकं भादरायचं. बाप जिता असताना भादरलं म्हणजे बापाला जित्तेपणी पोचवलं. डॉक्टरनं पुरं ऐकून घेतलं. थट्टा केली न्हाई, हे त्याचं चांगलं. मग हळू आवाजात म्हणाला, खराब गाठ असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नका अम्मा. माणूस हातातून जाईल.

ते मी सोनाजीला सांगितलं न्हाई. छकड्यात साऱ्या वाटेनं बैलांना शिव्या देत आले.

दुसरा दिवस

बोंब झाली. सोनाजी जाऊन बापाला सगळं सांगून बसला!

म्हातारा ओट्यावरून ओरडला, "मी मेलो का? मी मेलो का गं?"

"मेलेलं माणूस एवढं ओरडत न्हाई."

"मी डोळे मिटल्यावर भादरा काय भादरायचं ते. डॉक्टरचं नाव या घरात काढायचं न्हाई. गाठीनं कुणी मेलं न्हाई आजवर!"

"तुमी किती गाठी पाहिल्या?"

पागोटं घट्ट ओढलं आणि शेताकडं गेला.

मी संतराम न्हाव्याकडं गेले. म्हटलं, गुपचूप ये, मागच्या दारानं, वस्तरा घेऊन. तो हात जोडून उभा. "माय, उत्तमराव जिते असताना त्यांच्या पोराच्या डोक्याला वस्तरा लावला तर गावात माझ्याकडं दाढी कोण करील? अन् उद्या त्यांना ठेच जरी लागली तरी माझ्या वस्तऱ्यानं लागली म्हणतील."

सारं गाव असंच. एका माणसाच्या डोक्यावर केस हाईत म्हणून दुसऱ्याचा जीव जिता! कुणी लावलं हे गणित?

पौष, संक्रांतीच्या आधी

परत रक्त.

संक्रांत

सखुबाई तिळगूळ घेऊन आली, "गोड बोला" म्हणाली. मी म्हटलं, आज जमणार न्हाई.

पौष वद्य

सापडलं! सापडलं! कढी उतू गेली पण सापडलं!

रामकिशन शेठ मारवाडी तिरुपतीहून आला. दुकानात हळद आणायला गेले तर काय — डोकं तुळतुळीत! आणि मागं गादीवर त्याचा बाप बसलेला, जिता, दात न्हाईत तरी प्रसादाचा लाडू चघळून राहिला. सारं गाव शेठच्या पाया पडतं. कुणी म्हणत न्हाई की बापाला पोचवला. काहून? तर केस बालाजीला बोललेले होते. नवस! देवाला दिलेल्या केसाला सुतक न्हाई.

हळद न घेताच परत आले. वाटेत स्वतःशीच हसत होते, सखुबाईनं पाहिलं. पाहू दे.

तिरुपती लांब. पण बालाजी माझ्या माहेरी पण हाय, वाशीमला. आणि नवस कधी बोलला ते बाईचं बाईला ठाऊक.

माघ शुद्ध चतुर्थी, गणेश जयंती

आज बरोबर मुहूर्त धरला. दुपारी ओट्यावर म्हातारा, सखुबाईचा नवरा, दोन-चार सोयरे. संतराम न्हावी दाढी करून राहिला होता कुणाची तरी. मी मध्येच जाऊन बसले आणि डोळ्याला पदर लावला. रडू काही येत न्हाई मला, कांद्याचा हात लावला होता.

"माझंच चुकलं. सोनाजी पोटात आडवा होता तेव्हा मी बालाजीला बोलले होते — सुखरूप सुटले तर पोराचे केस देईन. विसरले. देव विसरला न्हाई. त्यानं केसाखालीच खूण ठेवली."

आधी सखुबाईचा नवरा, "तरीच!" संतराम वस्तरा थांबवून, "तरीच माय!" सगळ्यांना एकदम कळलं. डॉक्टरनं नळी लावून कळलं न्हाई ते यांना बसल्या जागी कळलं!

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. "मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी बाळंतिणीच्या खोलीत होतात का?"

सगळ्यांसमोर देवाला न्हाई म्हणता येत न्हाई. पागोटं सारखं करून म्हणाला, "नवस फेडा. पण तिथूनच परत या. दवाखान्यात जायचं न्हाई."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

रात्री सुमन पाय चेपत होती. "आत्याबाई, खरंच बोलला होतात नवस?" मी म्हटलं, पाय चेप.

माघ वद्य, वाशीम

बालाजीच्या देवळापाशी न्हाव्यानं सोनाजीला बसवलं. सोनाजी डोळे मिटून, हात जोडून. तो खरंच नवस फेडत होता, बिचारा. मी त्याला खरं सांगितलेलं न्हाई. त्याचा बापाचा धाक तसाच ठेवला आणि वरून देवाचा घातला.

निम्मं डोकं झालं आणि न्हाव्याचा हात थांबला. "बाई, इकडं या."

एक न्हाई. पाच!

मोठी ती वर. मागं मानेकडं दोन, वाटाण्याएवढ्या. कानामागं एक. कपाळाच्या वर एक, तांबूस, चमकदार. केसांत या बाकीच्या चारींतली एक पण दिसली न्हवती. माझे तेलाचे हात तीस वर्षं फिरले त्याच्यावर आणि मला एकच कळली.

बोट लावून परत मोजल्या. पाचच.

मग बालाजीला सांगितलं, मी खोटं बोलले ते माझ्या खात्यावर ठेव, पोराच्या न्हाई. आणि न्हाव्याला म्हटलं, थांबला काहून? कर पुरं.

दुसरा दिवस, हिंगोली

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका. चाँद पाशा म्हणून जवान. जकातीचा माल शोधून राहिला. बोचकं उलटंपालटं केलं. मग सोनाजीच्या पटक्याकडं नजर! भादरलेल्या डोक्यावर पटका नीट बसत न्हाई, वर फुगलेला, एका अंगाला कललेला.

"इसमें क्या छुपाया रे? निकाल!"

सोनाजी लाजून पाणी पाणी. मी म्हटलं, "काढ. दाखव साहेबाला." पटका काढला. चाँद पाशा दोन पावलं मागं!

"घ्या," मी म्हटलं, "पाच नग हाईत. वऱ्हाडातून आणल्या न्हाईत, तुमच्याच मुलखात पिकल्या. लावा जकात!"

नाक्यावर सगळे हसले. सोनाजी पण. लई दिवसांनी हसला. चाँद पाशानं मग आपल्या हातानं बोचकं बांधून दिलं, म्हणाला, "जाव अम्मा, अल्ला शिफा देवे." बरं व्हायची दुवा वर, आणि जकात माफ!

आणि डॉक्टर! एवढा शिकलेला माणूस, पण डोकं पाहून लहान लेकरासारखा उठून उभा राहिला. मदीनाबी दाईला हाक मारून दिवा धरायला लावला. प्रत्येक गाठीवर बोट, प्रत्येकीची दोऱ्यानं मापं. कपाटातून जाडजूड इंग्रजी किताब काढली, त्यात एका डोक्याचं चित्र. सोनाजीसारखंच भादरलेलं! फक्त गोरं. मी म्हटलं, "त्या साहेबाच्या पण बापाला कळलं होतं का?" डॉक्टरला समजलं न्हाई.

त्यानं सांगितलं — एकच गाठ असती तर मी दहा नावं घेतली असती. सगळीकडं पेरलेल्या हाईत म्हणून आता दोनच उरली. एक वाईट, एक बरी. नुसत्या डोळ्यांनी दोघी बहिणी दिसतात. कानामागची छोटी गाठ बधिर करून काढली, बाटलीत टाकली. ती हैदराबादला त्याच्या उस्तादाकडं जाईल. तिथं तिचे पापुद्रे करून मोठ्या भिंगाखाली बघतील.

"गाठीच्या आत काय हाय ते दिसतं का त्यात?"

"वोइच दिखता अम्मा."

म्हणजे वैदूला विचारलं होतं ते बराबरच होतं.

मग विचारलं, घरात अजून कुणाला हाय का? बरीवाली असेल तर ती घराण्यातून उतरते, आईकडून न्हाई तर बापाकडून. मी म्हटलं, माझं डोकं बघा. मी पदर काढला. मदीनाबीनं चांगलं चाचपलं. उवा पण न्हाईत!

"और बाप कू?"

"बापाच्या डोक्यात काही न्हाई साहेब. चाळीस वर्षं खाते हाय मी ते."

डॉक्टर हसला पण कपाळावरची आठी तशीच. घराण्यात कुणालाच न्हाई तर मग वाईटवालीकडं काटा झुकतो, हे त्यानं बोलून दाखवलं न्हाई. मला कळलं.

फाल्गुन शुद्ध

शिरड शहापूरला लेकीकडं गेले, मिराबाईकडं. बसायच्या आधी तिची वेणी सोडली. तिची सासू बघत राहिली. "ईनबाई, उवा बघायला एवढ्या लांबून आल्या?" मी म्हटलं, तुमच्याकडं कुणी बघत न्हाई म्हणून आले. मिराबाईच्या डोक्यात काही न्हाई. लेकीला काही न्हाई म्हणून आनंद व्हायला पाहिजे. झाला पण आणि न्हाई पण. तिच्या एका गाठीनं सोनाजी वाचल्यासारखा झाला असता.

होळी

अजून बाटलीचं काही कळलं न्हाई. म्हाताऱ्याला म्हाईत झालंच की दवाखान्यात गेलो होतो. मला वाटलं, ओट्यावरून गाव गोळा करील. पण ओरडला न्हाई. एकदाच विचारलं, "कापताना दुखलं का त्याला?" मी म्हटलं, सुई टोचून बधिर करतात. "बरं," म्हणाला. चिलीम विझली होती तरी ओढत राहिला.

सोनाजीचे केस जवाएवढे आले. गाठ त्यातून वर डोकावते, फुटलेली. माशा बसतात. सुमन पदरानं वारते, दिवसभर. बोलत न्हाई.

गुढीपाडव्याच्या आधी

वाईट न्हाई!!

वाईट न्हाई, वाईट न्हाई, वाईट न्हाई. कागद भरून हेच लिहावं वाटतं.

हिंगोलीला डॉक्टर स्वतः बाहेर आला, आम्ही ओळीत बसलो होतो तर सगळ्यांना ओलांडून. हातात हैदराबादचा जबाब. "अम्मा! अच्छीवाली है!" इंग्रजी नाव सांगितलं, माझ्या जिभेला वळलं न्हाई. उस्तादानं भिंगाखाली पाहिलं तर आत नळकांड्यांसारखे गोळे, एकाला एक चिटकून, जाळीसारखे. तीच खूण. हाडात शिरत न्हाई, रक्तातून पसरत न्हाई. कापून टाकली की माणूस शंभर वर्षं जगतो. एखादी परत उगवली तर परत काढायची. लई कमी लोकांना होते. उस्तादानं पण साऱ्या जिंदगीत बोटावर मोजण्याइतक्याच पाहिल्या. आणि सोनाजी त्यात!

डॉक्टर म्हणाला, बालां निकाले नसते तर मी एकच गाठ समजून एकच कापली असती आणि नाव चुकवलं असतं.

मी म्हटलं, ते श्रेय बालाजीचं. सोनाजीनं हात जोडले. मी पण जोडले. काय सांगू, खरंच जोडले.

सुमनला अंगणातूनच ओरडून सांगितलं. तिच्या हातातली घागर फुटली. फुटू दे!

चैत्र वद्य

काढल्या. उरलेल्या चारी. मोठीच्या जागी मांडीची पातळ कातडी आणून लावली. मदीनाबी म्हणते, हिंगोलीत असं पहिल्यांदा झालं. बाहेर झाडाखालचा न्हावी सगळ्यांना सांगून राहिला की डोकं शेवटचं साफ मीच केलं.

सोनाजी शुद्धीवर आला आणि पहिलं काय बोलला? "बाबांना सांगितलं का?" मी म्हटलं, त्यांचं नाव काढलंस तर परत झोपवीन.

वैशाख

गावात आलो तर वेशीवर माणसं. संतराम न्हावी सगळ्यात पुढं! "माय, आता याची हजामत मीच करणार, पहिली." मागच्या दारानं ये म्हटलं तर हात जोडले होते यानं. मी म्हटलं, पुढच्या दारानं ये.

सखुबाई म्हणते बालाजीनं केलं. सोनाजी म्हणतो बालाजीनं आणि डॉक्टरनं. सेवा वैदू म्हणे, मी तेव्हाच कापली असती तर एवढा खर्च वाचला असता. सुमननं त्याला उत्तर दिलं! माझी सुमन! "आत काय हाय ते सांगून कापा म्हणावं." सूनबाई तयार झाली माझ्या हाताखाली.

म्हातारा खांबाला टेकून उभा होता. सोनाजी पाया पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच. जखमेच्या कडेकडेनं बोट फिरवत होता, हळूच, जसं मोट बांधताना दोर तपासतो तसा.

"परत येतात का या?" मला विचारलं.

"आल्या तर परत काढायच्या."

श्रावण

आता नवीनच धंदा लागला मला. बायका डोकी घेऊन येतात! पुसेगावच्याच न्हाई, आजूबाजूच्या खेड्यातल्या. मी ओट्यावर बसते, पदर सोडायला लावते, चाचपते. चाचपून सांगते — ही घामाची पुळी, उद्या जाईल. ही उवांनी खाजवून झाली, आधी डोकं धू बाई. ही मला कळत न्हाई, हिंगोलीला जा. कळत न्हाई म्हणायला मी डॉक्टरकडून शिकले, तो पण सरळ म्हणतो. आजवर तिघी धाडल्या. एकीची चरबीची निघाली, बोटाखाली सटकली म्हणे! डॉक्टरनं मदीनाबीकडून निरोप धाडला, अम्माचा हात चांगला हाय.

बाया मला 'गाठवाली आजी' म्हणतात. आधी काय म्हणायच्या ते लिहीत न्हाई.

म्हातारा आतून ऐकत असतो. परवा म्हणाला, "म्हातारपणी कापली तर भरते का जखम?"

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? असंच. लोक विचारतात."

मला वाटलं, एवढी चौकशी करायला लागला, म्हणजे काळीज हाय याला. चाळीस वर्षांनी कळलं. पंचमीला त्याला जास्तीची पुरणाची दिंडं वाढली.

पाडवा, सन १९३८

वाटी घेऊन उभी राहिले, दर सालासारखी. म्हाताऱ्यानं वाटी घेतली न्हाई. पाटावर बसला. मोरीचं दार सताड उघडं. हातानं पागोटं सोडलं, एक एक फेरा, आणि मांडीवर ठेवलं.

साऱ्या गावाच्या डोक्यांवरून माझा हात फिरला. एक राहिलं होतं.

सात. सगळ्यात मोठी जांभळाएवढी.

"लग्नाच्या आधीपासून हाईत," म्हणाला. "माझ्या आईला होत्या, खोप्याखाली. तिनंच सांगितलं, झाक, न्हाई तर घराण्यातल्या लेकींना स्थळ मिळायचं न्हाई. बाप गेला तेव्हा पण परगावी भादरून पागोट्यातच घरी आलो." मग मान खाली घालून, लई हळू, "मला वाटलं, पोराला दवाखान्यात नेलं की मला पण काढावं लागंल पागोटं."

मी तेल चोळत राहिले. पहिल्यांदाच.

"सोनाजीची माय, बालाजीला माझं पण काही बोलली होतीस का?"

"बोलले होते," मी म्हटलं. "लग्नाच्या आधीच. आता उठा आणि गाडी जुंपायला सांगा."